आगीचें पात्र

खालापूर तालुक्याचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत निघतें तें उंबरखिंडीच्या निमित्तानें. १६६१ च्या फेब्रुवारींत कारतलबखानाच्या फौजेला शिवाजीमहाराजांनीं ज्या खिंडींत कोंडलें ती खिंड खोपोलीपासून फार दूर नाहीं. आणि तेवढा एक प्रसंग सांगून झाला म्हणजे आमचे इतिहासकार घाट चढून पुण्यास निघून जातात. कर्जताच्या वांट्याला तर तेवढेंहि येत नाहीं. प्रवाशाच्या लेखीं कर्जत म्हणजे गाडी जेथें जरा अधिक वेळ थांबते आणि बटाटेवडा मिळतो तें स्टेशन. गाडी तेथें कां थांबते, हें विचारण्याची तसदी फार थोडे घेतात.

२०२५ च्या पावसाळ्यांत आमच्या महाविद्यालयांतील एका विद्यार्थ्यानें मला एक प्रश्न विचारला. मुलगा खालापूर तालुक्यांतलाच. हैदराबादेस कसल्याशा अतिवेगी इंजिनाची हजार सेकंदांची चांचणी यशस्वी झाल्याचें त्यानें कोठेंतरी वाचलें होतें. "सर, असल्या गोष्टींत आपल्या भागाचा कांहीं हात असतो, कीं आपण नुसतें वाचायचें?" असें त्यानें विचारलें. मी इतिहासाचा अध्यापक; यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. म्हणून त्या वेळीं मीं त्याला उडवाउडवीचें उत्तर दिलें, आणि घरीं आल्यावर त्या उत्तराची मला लाज वाटली. त्यानंतर मिळेल तें वाचलें, जाणत्यांना विचारलें, आणि जें हातीं आलें तें येथें मांडीत आहें. उत्तर त्याच्या प्रश्नाइतकें सरळ नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों.

आरंभ एका शाळकरी प्रयोगापासून करूं. कागदाच्या द्रोणांत पाणी घालून तो ज्योतीवर धरला तर पाणी उकळूं लागतें, पण द्रोण जळत नाहीं. कागदाला मिळणारी उष्णता पाणी तत्काळ ओढून घेतें, आणि पाणी शिल्लक आहे तोंवर कागदाला जळण्याइतकें तापमान गांठतांच येत नाहीं. पाणी संपलें कीं मात्र क्षणांत भडका! आग ज्या पात्रांत ठेवावयाची तें पात्र आगीनें खाऊन टाकूं नये, ह्यासाठीं मनुष्यानें योजलेल्या बहुतेक साऱ्या युक्त्या ह्या द्रोणांत आहेत. इंजिनांचा इतिहास आपण नेहमीं वेगाचा आणि शक्तीचा इतिहास म्हणून वाचतों. परंतु तो जितका आग पेटविण्याचा आहे तितकाच तिच्यापासून भांडें वांचविण्याचा आहे. आणि ह्या दुसऱ्या इतिहासाचा एक धडा कर्जताच्या रुळांवर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं गिरविला गेला आहे.

मुंबई-ठाणें आगगाडी १८५३ सालीं सुरू झाली. तिचा फांटा १८५६ च्या मे महिन्यांत पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आला आणि तेथें सह्याद्रीनें त्याला अडविलें. पुढें दोन वर्षांनीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा रूळ तयार झाला. म्हणजे खालीं गाडी, वर गाडी, आणि मध्यें घाट. मधला मार्ग लोक पालखींतून, बैलगाडींतून नाहीं तर पायीं काटीत. खोपोलीच्या आयुष्यांतील तीं वर्षें मोठ्या भाग्याचीं असलीं पाहिजेत, कारण मुंबईहून दख्खनेंत जाणाऱ्या प्रत्येकाला तेथें उतरावेंच लागे. १८६३ सालीं बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. लांबी सुमारें पावणेसोळा मैल, चढ अठराशें फुटांहून अधिक, बोगदे पंचवीस, आणि उतार कांहीं ठिकाणीं सदतीसास एक. काम ऐन भरांत असतांना चाळीस हजारांवर मजूर ह्या डोंगरावर राबत होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें येतांच थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीनें, अ‍ॅलिसनें, तो ठेका पुढें चालविला, ही गोष्ट इंग्रजी ग्रंथांतून कौतुकानें सांगितली जाते आणि ती कौतुकाची आहेहि. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले घाट पुरा होण्यापूर्वींच १८६२ सालीं निवर्तला. पटकीनें आणि तापानें जे हजारों मजूर ह्या कड्यांवर मेले त्यांचीं नांवें मात्र कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.

सदतीसास एक हा चढ रस्त्यावर कांहीं विशेष नव्हे. आगगाडीला तो फार मोठा आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक पकड घेतें तें थोडक्यावर, आणि एका इंजिनानें एवढी गाडी वर नेववत नाहीं. म्हणून कर्जतास गाडीला मागून इंजिनें जोडावयाचीं आणि त्यांनीं ढकलीत तिला लोणावळ्यापर्यंत पोंचवावयाची, अशी पद्धत पडली. ह्या इंजिनांना 'बँकर' म्हणतात. पेढीशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. 'बँक' ह्या इंग्रजी शब्दाचा रेल्वेच्या बोलींत चढण असाहि अर्थ आहे, त्यावरून तें नांव. आज तीं विजेचीं आहेत. वाफेचीं होतीं तेव्हां त्यांच्या पोटांत काय चालत असे तें आतां पाहूं, कारण पुढच्या साऱ्या कथेची किल्ली तेथें आहे.

वाफेच्या इंजिनाची भट्टी म्हणजे तांब्याच्या पत्र्यांची एक पेटी. आंत कोळशाची आग हजार अंशांच्या वर. तांबें हजारांहून थोड्या अधिक अंशांवर वितळतें, आणि त्याच्या पुष्कळ आधीं मऊ पडून दाबाखालीं फाटूं शकतें. तरी ती पेटी वर्षानुवर्षें टिकते, कारण तिच्या चारी बाजूंना आणि माथ्यावर बॉयलरचें पाणी खेळत असतें. दाबाखालचें तें पाणी दोनशें अंशांच्या अलीकडेच उकळतें आणि पत्र्याची उष्णता घेऊन वाफ होतें. ज्या पाण्याची वाफ करून गाडी ओढावयाची, तेंच पाणी भट्टीचें कवच! आगीपासून पात्र वांचविण्यांत जी उष्णता काढून घेतली ती वायां गेली नाहीं; तिनेंच काम केलें. द्रोणाच्या प्रयोगांत ही दुसरी गोष्ट नाहीं, आणि म्हणून तो प्रयोग आहे, यंत्र नव्हे.

घाटावर ह्या व्यवस्थेची खरी कसोटी लागे. बॉयलर आडवा, त्यांतलें पाणी मात्र आपली पातळी सोडीत नाहीं. चार मीटर लांबीचा बॉयलर सदतीसास एक अशा चढावर तिरपा झाला कीं एका टोंकाला पाणी दुसऱ्यापेक्षां सुमारें अकरा सेंटिमीटर खोल. धुराडें पुढें ठेवून चढतांना भट्टीकडची बाजू खालीं असते, तेव्हां तिच्या माथ्यावर पाणी मुबलक दिसतें आणि ड्रायव्हर निर्धास्त राहतो. पण माथ्यावर पोंचून इंजिन सपाटीला आलें, किंवा पलीकडे तोंड करून उतरूं लागलें, कीं तेंच पाणी पुढें धांवतें आणि भट्टीचा माथा उघडा पडण्याचा धोका उत्पन्न होतो. उघडा पडलेला पत्रा लाल होतो, मऊ होतो, आणि बॉयलरचा दाब त्याला आंत ढकलतो. तसें होऊं नये म्हणून माथ्याच्या पत्र्यांत शिशाचें बूच बसविलेलें असे: पाणी ओसरलें कीं शिसें सवातीनशें अंशांवर वितळावें आणि वाफ सरळ भट्टींत घुसून आग विझावी. ड्रायव्हरची नजर समोरच्या रुळावर असे असें आपण समजतों. घाटांत ती निम्मा वेळ पाणी दाखविणाऱ्या कांचेच्या नळीवर असे.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पाण्यांतले क्षार उकळतांना पत्र्यावर बसतात आणि त्यांचें पुट धरतें. आपल्या घरच्या बंबांत बसतें तसेंच. हें पुट पत्रा आणि पाणी ह्यांच्यामध्यें गोधडीसारखें पडतें. पाणी पुरेसें असूनहि पत्रा तापत राहतो. म्हणून ठराविक दिवसांनीं शेडमध्यें इंजिनाचें पोट धुवावें लागे. कोळसा टाकणाऱ्याचें काम प्रवाशाला दिसे, बॉयलर धुणाऱ्याचें दिसत नसे. पण दोघांपैकीं कोणीं एक दिवस कुचराई केली असती तर अधिक घात कोणाच्या हातून झाला असता हें सांगण्यास यंत्रशास्त्रज्ञ नको.

नेरळ-माथेरान मार्ग १९०७ सालीं चालूं झाला. तेथें तर वीसास एक असा चढ आणि त्यावर चिमुकलीं वाफेचीं इंजिनें. मुख्य घाटांतून मात्र वाफ लौकरच गेली. १९२९-३० च्या सुमारास मुंबई-पुणें मार्ग विजेचा झाला, घाटांतलें तोंड फिरविण्याचें स्टेशनहि त्याच सुमारास बंद झालें. वीज हा शब्द ह्या तालुक्याला तोंवर अपरिचित राहिला नव्हता. टाटांचें खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें होतें. लोणावळ्याकडच्या तलावांचें पाणी सुमारें पांचशें मीटर खालीं आणून चाकांवर सोडावयाचें, वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यावयाची, आणि पाणी पाताळगंगेंत सोडून द्यावयाचें, अशी ती योजना. ह्या सोडून दिलेल्या पाण्याकडे इतिहासकारांचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः खालापूरचें पुढचें सारें औद्योगिक भवितव्य त्या पाण्यांत होतें, कारण त्यामुळें पाताळगंगा उन्हाळ्यांतहि वाहती राहिली, आणि वाहत्या नदीच्या कांठीं कारखाने येतातच.

त्या नदीच्या कांठीं मोहोपाड्याजवळ 'हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स' ह्या सरकारी कंपनीनें आपला कारखाना उभारला. कंपनीची स्थापना १९६० ची. उत्पादन पुढच्या दशकांत सुरू झालें. गांवाला नांव पडलें 'रसायनी'. कारखान्यावरून गांवाचें नांव पडावें आणि तें इतकें गोड असावें, असें क्वचितच घडतें. तेथें अ‍ॅनिलिन, नायट्रोबेंझिन, तीव्र नत्राम्ल असे रंगांच्या आणि औषधांच्या धंद्याला लागणारे पदार्थ होत असत. ह्यांपैकीं नत्राम्लाच्या भावकींतला एक पदार्थ म्हणजे नायट्रोजन टेट्रॉक्साइड. हा आमच्या कथेंतला महत्त्वाचा पुरुष.

ह्या द्रवाचा स्वभाव मोठा चमत्कारिक. एकवीस अंशांवर तो उकळतो, म्हणजे कर्जत-खालापुरांत वर्षांतले बहुतेक दिवस उघड्या भांड्यांत तो द्रवरूपानें राहूंच शकणार नाहीं. त्याचा तांबूस-तपकिरी, विषारी धूर होऊन जाईल. कोरडा असला तर साध्या पोलादाच्या टांकींत निमूट राहतो. पाण्याचा अंश शिरला कीं त्याचें नत्राम्ल होऊन तेंच पोलाद खाऊं लागतो. ज्या तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, जेथें आषाढांत कपाटांतल्या पुस्तकांना बुरशी येते, तेथें ओलाव्याचा असा वैरी निर्माण करून सांभाळावयाचा! हें काम करणारांना कोणी शास्त्रज्ञ म्हटलें नाहीं. ते कारखान्याचे कामगार होते, पाळीवर जात आणि घरीं येत.

हा द्रव अग्निबाणासाठीं लागतो. हायड्रेझिनाच्या वर्गांतल्या इंधनाशीं त्याची गांठ पडतांच ठिणगीवांचून ज्वाला उठते. आपल्या अवकाश संशोधन संस्थेचें 'विकास' नांवाचें इंजिन ह्या जोडीवर चालतें. फ्रान्सच्या 'व्हायकिंग' इंजिनाची विद्या १९७४ च्या कराराअन्वयें आपल्या इंजिनियरांनीं तेथें राहून, काम करून मिळविली, आणि त्यांतून 'विकास' घडलें. १९८५ सालीं त्याची पहिली चांचणी झाली तीहि फ्रान्समधल्या व्हेर्नोंलाच. पीएसएलव्ही ह्या अग्निबाणाच्या दुसऱ्या टप्प्यांत एक 'विकास' असतें आणि तो टप्पा सुमारें चाळीस टन द्रव जाळतो. त्यांतला निम्म्याहून अधिक भाग नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. २००८ चें चांद्रयान आणि २०१३ चें मंगळयान ह्याच अग्निबाणावरून गेलीं. इंजिन घडविणाऱ्यांत मुंबईच्या विक्रोळीचा गोदरेजचा कारखाना आहे; घन इंधनाच्या क्षेत्रांत पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर ह्यांचें काम प्रसिद्धच आहे. परंतु महाराष्ट्राच्या वांट्याची यादी करीत बसणें हा ह्या लेखाचा हेतु नव्हे.

२०१७ च्या मे महिन्यांत केंद्रीय मंत्रिमंडळानें तोट्यांत गेलेल्या ह्या कंपनीच्या पुनर्रचनेचा निर्णय केला. रसायनीचे सगळे विभाग बंद करावयाचे, एक सोडून. तो एक म्हणजे नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. तो अवकाश संस्थेकडे सोंपवावयाचा. कारण असें दिलें होतें कीं ह्या पदार्थाचा देशांतला हा एकमेव स्रोत आहे. अ‍ॅनिलिन बाहेरून येऊं शकतें, हें येऊं शकेलच असें नाहीं. मला हा निर्णय समजतो. ज्यांचीं घरें त्या बंद विभागांवर चालत होतीं, आणि ज्यांच्या वाडवडिलांचीं भातशेतें एकेकाळीं कारखान्याखालीं गेलीं, त्यांना तो कसा समजावा, हें मला सांगतां येणार नाहीं. 'रसायनी' हें नांव मात्र राहिलें.

आतां इंजिनाकडे वळूं. 'विकास'च्या दहनकक्षांत ज्वालेचें तापमान तीन हजार अंशांच्या घरांत. तेथें कोणत्याहि साध्या धातूचा टिकाव लागणें नाहीं. युक्ति अशी कीं इंधनाचा कांहीं भाग भिंतीच्या कडेनें सोडावयाचा. त्याचा एक पातळ पडदा भिंतीवरून वाहत राहतो आणि ज्वाला भिंतीला थेट भिडत नाहीं. दुसऱ्या पुष्कळ इंजिनांत इंधन भिंतीच्या आंतल्या बारीक नळ्यांतून फिरवून मग ज्वालेंत सोडतात. म्हणजे भिंत थंड होते, आणि भिंतीकडून घेतलेली उष्णता घेऊनच इंधन जळावयास येतें. दुसऱ्या महायुद्धांतल्या जर्मन व्ही-२ बाणांत अल्कोहोलनें हीं दोन्हीं कामें केलीं होतीं. अमेरिकेंत जेम्स वाइल्ड ह्या तरुणानें १९३८ सालीं असें एक लहान इंजिन यशस्वीपणें चालविलें होतें. वाचकांना येथें घाटांतली तांब्याची पेटी आठवावी. भट्टीच्या माथ्यावरचें पाणी आणि ह्या नळ्यांतलें इंधन एकाच घराण्यांतलीं आहेत. फरक एवढाच कीं येथें कवच स्वतःच शेवटीं जळून जातें.

अग्निबाणाचें मोठें दुखणें म्हणजे ओझें. आग पेटण्यास लागणारा प्राणवायु त्याला बरोबर न्यावा लागतो, कारण वर हवा नाहीं. परंतु पृथ्वीलगत तीसेक किलोमीटरपर्यंत हवा आहे, तिच्यांत प्राणवायु आहे, आणि तेथून जातांनाहि बाण आपलें स्वतःचें गाठोडें घेऊन जातो. ह्या गाठोड्याचें वजन इंधनाहून पुष्कळ अधिक असतें. भरल्या नदीच्या कांठानें चाललेल्या मनुष्यानें डोक्यावर पाण्याचे हंडे वाहावे तसाच हा प्रकार. मग हवेंतलाच प्राणवायु कां घेऊं नये? हा प्रश्न जुना आहे. फ्रेंच इंजिनियर रने लोरँ ह्यानें १९१३ सालींच अशा इंजिनाची कल्पना छापली होती, ज्यांत फिरणारें एकहि चाक नाहीं: वेगानें जाणाऱ्या नळीच्या तोंडांत हवा आपोआप दाबली जाते, त्यांत इंधन जाळावयाचें, आणि मागून झोत सोडावयाचा. ह्याला रॅमजेट म्हणतात. त्यांत आंत आलेली हवा ध्वनीहून मंद करून मग जाळतात. ध्वनीच्या सुमारें पांचपट वेगापलीकडे ही रीत थकते. कारण एवढ्या धांवत्या हवेला एकदम थोपविलें कीं थोपविण्यानेंच ती इतकी तापते कीं इंधन जाळून तिला आणखी कांहीं देण्यासारखें फारसें उरत नाहीं. तेव्हां तिला पुरतें थोपवूंच नये, ती ध्वनीहून वेगानें वाहत असतांनाच तिच्यांत इंधन पेटवावें, हा पुढचा विचार. हें स्क्रॅमजेट. अमेरिकेंत वेबर आणि मॅके ह्यांनीं १९५८ सालीं त्याचें गणित मांडलें. अंतोनियो फेर्री ह्या इटालियन-अमेरिकन शास्त्रज्ञानें तें पुढें नेलें.

ह्या सुधारणेचा रसायनीच्या दृष्टीनें अर्थ काय? ज्या पदार्थासाठीं रसायनीचा एक विभाग जिवंत ठेविला, तो पदार्थ बरोबर नेण्याची गरजच पडूं नये, ह्या इच्छेंतून हें इंजिन जन्मलें आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर हें असें उफराटें आहे. अर्थात् रसायनीनें घाबरून जावें असें कांहीं नाहीं. स्क्रॅमजेट उभ्या जागेवरून हालूंच शकत नाहीं. त्याला आधीं अग्निबाणानेंच ध्वनीच्या पांचसहापट वेगाला नेऊन सोडावें लागतें, आणि हवा संपली कीं त्याचेंहि काम संपतें. त्यालाहि बँकर लागतो, असें म्हणावें. घाटांतला बँकर लोणावळ्यापर्यंत चढावर मागून ढकलतो. ह्याचा बँकर आरंभाला ढकलून गळून पडतो.

आतां कूलनाचा, म्हणजे थंड ठेवण्याचा, प्रश्न घ्या. ध्वनीच्या सहापट वेगानें जाणाऱ्या यंत्राच्या तोंडाशीं हवा अडली कीं तिचें तापमान दीड हजार अंशांच्या आसपास जातें; हें एकहि थेंब इंधन न जाळतां. त्यांत आंतल्या ज्वालेची भर. बाहेरची हवा आंत घेऊन तिनें भिंत थंड करावी म्हटलें तर ती हवाच तापलेली. म्हणजे साऱ्या यंत्रांत थंड अशी वस्तु एकच उरली: टांकींतलें इंधन. हायड्रोजन हें ह्या कामीं उत्तम. तें चटकन् पेटतें आणि पुष्कळ उष्णता पितें. परंतु द्रवरूप हायड्रोजन शून्याखालीं अडीचशें अंशांवर ठेवावा लागतो, आणि घनमीटरला जेमतेम सत्तर किलो भरतो. त्याच जागेंत रॉकेल आठशें किलो मावतें. लहान यंत्राला म्हणून रॉकेलच्या जातीचें हायड्रोकार्बन इंधन सोयीचें. पण रॉकेल आळशी. त्याचे थेंब व्हावयाचे, वाफ व्हावयाची, हवेंत मिसळावयाची आणि पेटावयाची. आणि सेकंदाला दीड किलोमीटर धांवणाऱ्या हवेंत मीटरभर लांबीच्या नळींत ह्या साऱ्यासाठीं सेकंदाचा हजारावा भागहि मिळत नाहीं.

येथें निसर्गानें मनुष्यावर एक उपकार केला आहे. भिंतींतल्या बारीक नळ्यांतून फिरतांना हें इंधन पांचशें अंशांच्या पलीकडे तापलें कीं त्याचे लांबलचक रेणू मोडून लहान होतात, आणि ह्या मोडण्यालाच उष्णता लागते. म्हणजे तापण्यांत कांहीं उष्णता पचली, मोडण्यांत आणखी पचली. आणि मोडून जे वायु झाले ते मूळ रॉकेलपेक्षां कितीतरी लौकर पेटतात. आळशी गडी भिंतीचें काम करतां करतां चपळ होऊन ज्वालेंत येतो. परंतु उपकाराबरोबर फेडहि आली. मोडतांना कांहीं कार्बन सुटा होऊन नळ्यांच्या आंत कोळशीचें पुट धरतो. पुट वाढलें कीं नळी अरुंद होते, इंधन कमी येतें, भिंत तापते, भिंत तापली कीं पुट अधिक धरतें, आणि शेवटीं भिंतीला भोंक. वाफेच्या बॉयलरांतला क्षार आणि ही कोळशी ह्यांत तत्त्वाचा फरक मला तरी दिसत नाहीं. मात्र बॉयलर शेडमध्यें नेऊन धुतां येतो, उडणाऱ्या यंत्राचें पोट धुण्यास वेळ कोठला?

परदेशांतला वृत्तांत थोडक्यांत सांगतों. १९९१ च्या नोव्हेंबरांत सोव्हिएट शास्त्रज्ञांनीं कझाकस्तानांत स्क्रॅमजेट प्रथम उड्डाणांत पेटविलें. २००२ सालीं ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड विद्यापीठानें वूमेरा येथें. २००४ सालीं अमेरिकेच्या एक्स-४३ नें ध्वनीच्या जवळजवळ दहापट वेग गांठला. एक्स-४३ चें इंधन हायड्रोजन होतें आणि ज्वलन कांहीं सेकंदांचें. हायड्रोकार्बन इंधनानें भिंत थंड ठेवून तेंच जाळण्याचा मान अमेरिकेच्याच एक्स-५१ ह्या यंत्राचा. २०१० च्या मे महिन्यांत पहिलें उड्डाण, मग २०११ आणि २०१२ चीं दोन अपयशें, आणि १ मे २०१३ रोजीं ध्वनीच्या पांचपटींहून किंचित् अधिक वेगानें तीन मिनिटांवर चाललेलें इंजिन. तें पेटविलें इथिलीन वायूनें आणि मग जुन्या एसआर-७१ विमानाचें इंधन त्यांत सोडलें.

आपल्याकडे ह्या विषयाचा उल्लेख निघाला कीं कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे ह्यांचें नांव काढतोच. १८९५ सालीं चौपाटीवर त्यांनीं विमान उडविल्याची कथा मराठी घरांतून लाडकी आहे. तिला समकालीन भक्कम पुरावा नाहीं, आणि ज्या वैमानिक ग्रंथाचा आधार सांगतात त्यांतलीं यंत्रें उडूं शकणार नाहींत असें बंगळूरच्या विज्ञान संस्थेंतील पांच विद्वानांनीं १९७४ सालीं साधार दाखविलें आहे. ज्यांना खराखुरा अभिमान बाळगावयाचा आहे त्यांनीं अशा कथांवर भूक भागवूं नये. खरें अन्न ताटांत आहे.

तें असें. २८ ऑगस्ट २०१६ रोजीं श्रीहरिकोट्याहून अवकाश संस्थेनें एका लहान अग्निबाणाला दोन स्क्रॅमजेट जोडून सोडलीं. हायड्रोजन आणि बाहेरची हवा ह्यांवर तीं पांच सेकंद चाललीं. ७ सप्टेंबर २०२० रोजीं संरक्षण संशोधन संस्थेनें ओडिशाच्या किनाऱ्यावरील बेटावरून आपलें यंत्र तीस किलोमीटर उंचीवर नेऊन ध्वनीच्या सहापट वेगानें वीस सेकंदांहून अधिक चालविलें, हें हायड्रोकार्बनवर. २०२५ च्या जानेवारींत हैदराबादेच्या संरक्षण संशोधन व विकास प्रयोगशाळेनें इंधनानेंच थंड ठेविलेला दहनकक्ष जमिनीवर एकशेंवीस सेकंद चालविला, आणि २५ एप्रिल २०२५ रोजीं लहान प्रमाणाचा तसलाच कक्ष हजार सेकंदांहून अधिक.

हे आंकडे वर्तमानपत्रांत विक्रम म्हणून छापून येतात. मला त्यांचा अर्थ वेगळा वाटतो. पांच सेकंद म्हणजे तवासुद्धां पुरता तापत नाहीं. भिंत स्वतःच्या जाडीवर निभावून नेते. वीस सेकंदांपर्यंतहि धातूच्या सोशिकपणावर बरेंच भागतें. दोन मिनिटांना तें भागत नाहीं. तेथें इंधनानें भिंतीची उष्णता खरोखरच ओढून न्यावी लागते. आणि हजार सेकंद, म्हणजे सोळा मिनिटांहून अधिक, चालणें ह्याचा अर्थ असा कीं जितकी उष्णता भिंतींत येते तितकीच बाहेर जाते आहे, आणि कोळशीचें पुट तेवढ्या वेळांत नळ्या बंद करीत नाहीं. ह्यासाठीं जें उष्णता पिणारें इंधन लागलें तें प्रयोगशाळेनें देशांतल्या उद्योगाच्या साहाय्यानें येथेंच तयार केलें, आणि भिंतीवर पोलाद वितळण्याच्या तापमानापलीकडे टिकणारा मृत्तिकाजन्य लेप दिला, असें सरकारी पत्रकांत म्हटलें आहे. दीड किलोमीटर सेकंदाच्या वाऱ्यांत ज्योत विझूं न देण्याची तुलना त्या पत्रकानें वादळांत मेणबत्ती तेवत ठेवण्याशीं केली आहे. तुलना चांगली आहे. पण मेणबत्ती स्वतः वितळूं न देतां, एवढें तींत घालावयास हवें होतें.

हीं सारीं यंत्रें मुख्यतः क्षेपणास्त्रांसाठीं आहेत, हें झांकण्यांत अर्थ नाहीं. प्रवाशांना तासाभरांत खंडें ओलांडून नेण्याच्या गोष्टी गेलीं साठ वर्षें सांगितल्या जात आहेत. तें कोठेंहि झालेलें नाहीं. बोरघाटाचा लोहमार्गहि इंग्रजांनीं केला तो कापूस बंदरावर आणि फौज दख्खनेंत नेण्यासाठीं. पुढें त्याच मार्गानें पंढरीचे वारकरीहि गेले आणि पुण्याचे विद्यार्थीहि. ह्या इंजिनाच्या वांट्याला तसें कांहीं येईल किंवा न येईल. भिंत थंड ठेवण्याची विद्या मात्र एकदा हाताला लागली कीं ती एका कामापुरती राहत नाहीं.

विद्यार्थ्याला मीं हें सारें सांगितलें तेव्हां तो थोडा हिरमुसला. हैदराबादेच्या त्या कक्षांत खालापूरचा एखादा सुटा भाग असेल, निदान तेथें काम करणारा कोणी रसायनीचा असेल, अशी त्याची अपेक्षा असावी. असेलहि; मला तें सांगतां येत नाहीं. पण नंतर त्यानें विचारलें, "शिशाचें तें बूच वितळलें कीं ड्रायव्हरला कळायचें कसें?" मीं सांगितलें कीं वाफेच्या आवाजानें, आणि भट्टीच्या दारांतून येणाऱ्या वाफेनें, तेव्हां पळायला फारसा वेळ नसे. एप्रिलच्या त्या पत्रकांत पुढची पायरी म्हणून उड्डाणास योग्य अशा पूर्ण आकाराच्या दहनकक्षाची चांचणी सांगितली होती. त्याला कोणतें बूच असतें तें आपण शोधून काढूं, असें आमचें दोघांचें ठरलें आहे. ह्या वेळीं ग्रंथालयांत मी एकटा जाणार नाहीं.